'डंगरी' आली डोंगरीतून! मग जीन्सही मुंबईचीच का?

घाटकोपर असो की बोरिवली, स्टेशनबाहेरच्या कपड्यांच्या दुकानात "डंगरी दाखवा" म्हटलं की दुकानदार लगेच खांद्यावर पट्टे आणि छातीवर खिसा असलेला निळा ड्रेस काढून ठेवतो. लहान मुलांचा असतो, कॉलेजच्या मुलींचा असतो, गरोदर बायकांसाठी वेगळा मिळतो. शब्द इंग्रजी, 'डंगरीज'. पण हा इंग्रजी शब्द मुळात मुंबईतल्या एका जागेचं नाव आहे. ती जागा म्हणजे डोंगरी.

सोशल मीडियावर ही गोष्ट अधूनमधून फिरत असते आणि दर वेळी तिला थोडं मीठमसाला लागतो. "जगाला जीन्स डोंगरीने दिली" इथपर्यंत ती पोचली आहे. त्यातलं खरं किती, ते पाहू.

शब्दाबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा मराठीतच सापडतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात (पहिली आवृत्ती १८३१) 'डोंगरी कापड' अशी नोंद आहे. डोंगरी किल्ल्याला लागून असलेल्या भागात विकलं जाणारं साधं देशी कापड, असा मूळ अर्थ तिथे दिलाय. पुढे कुठल्याही स्वस्त, हलक्या सुती कापडाला लोक तेच म्हणू लागले आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'डंगरी' झालं. डोंगरी म्हणजे छोटा डोंगर, टेकडी.

हा किल्ला आजच्या डोंगरी वस्तीच्या थोडा दक्षिणेला होता. ती टेकडी सपाट करून इंग्रजांनी १७६९ मध्ये तिथे फोर्ट जॉर्ज बांधला आणि १८६० च्या दशकात तोही पाडला. त्याचा उरलेला तुकडा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आहे. मुलुंड-घाटकोपरहून रोज सीएसएमटीला उतरणारे हजारो लोक त्याच्या बाजूने जातात, आणि हॉस्पिटलला 'जॉर्ज' हे नाव कुठून आलं हेही आपल्याला सहसा सुचत नाही.

आता थोडी गुंतागुंत. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली १६६८ मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधी, १६१३ साली, कॅप्टन जॉन सारिस हा इंग्रज व्यापारी आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर कापड देऊन लवंगा घेत होता. त्याच्या कापडांच्या यादीत डंगरीचं नाव आहे. म्हणजे हे कापड तेव्हाच समुद्रापार विकलं जात होतं. १६७० च्या दशकात इकडे आलेला डॉक्टर जॉन फ्रायर तर डंगरीसाठी कारवारचं नाव घेतो. त्यामुळे हे कापड फक्त डोंगरीतच विणलं जायचं असं म्हणता येत नाही. मोल्सवर्थही 'विकलं जाणारं' असंच म्हणतात. माझ्या मते डोंगरी हा पत्ता बाजाराचा होता, मागाचा नव्हे. पैठणीसारखं हे नाव विणकरांच्या गावावरून आलेलं दिसत नाही.

मग जीन्सचं काय?

जीन्स आपली नाही. 'जीन' हा शब्द इटलीतल्या जेनोआ शहरावरून आला. 'डेनिम' हे फ्रान्समधल्या नीम शहराच्या 'सर्ज द नीम' या कापडावरून आलं असं मानतात. रिव्हेट ठोकलेल्या पँटचं पेटंट लिव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना २० मे १८७३ रोजी अमेरिकेत मिळालं.

कापडातही फरक आहे. डेनिमची वीण ट्विल, म्हणजे तिरकस रेघांची. जीन्सचा पाय दुमडून आतली बाजू बघा: उभे धागे निळे, आडवे पांढरे, म्हणून आतून ती फिकट दिसते. जुनी डंगरी साधी, जाडीभरडी होती. विणताना दोन किंवा जास्त धागे एकत्र घ्यायचे. त्यातल्या त्यात बारीक असेल ते गरिबांच्या अंगावर, जाड असेल ते होड्यांच्या शिडांना आणि तंबूंना.

शिडाचं कापड टिकतं, म्हणून खलाशी आणि कामगार त्याचे कपडे घालू लागले. १९ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजीत 'डंगरीज' म्हणजे कामाचे कपडे, असा अर्थ पक्का झाला. (कापड असेल तर एकवचन, कपडा असेल तर अनेकवचन. 'पँट्स'सारखंच.) त्यानंतर दोन देशांत दोन वाटा फुटल्या. ब्रिटनमध्ये डंगरीज म्हणजे छातीवर पट्टा असलेली पँट. अमेरिकेत मात्र डेनिमच्या साध्या पँटलाही डंगरीज म्हणायचे, अमेरिकन नौदलाचा कामाचा निळा गणवेशही त्याच नावाने ओळखला जायचा. जीन्स आणि डंगरीचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आपण ब्रिटिश अर्थ घेतला आणि त्याचं एकवचन करून टाकलं: 'एक डंगरी'. सैन्यात आणि कारखान्यांत तीच 'डांगरी' होऊन अंगभर घालायचा कामाचा पोशाख झाली. एकेकाळी ज्याला हलकं म्हणून नाक मुरडलं जायचं त्या कापडाचं नाव आज मॉलमध्ये लेबलवर लागतं, आणि घेणाऱ्याला त्यात डोंगरी ऐकूही येत नाही.

डोंगरी म्हटलं की आपल्याला आठवतो १८८२ मधला टिळक-आगरकरांचा १०१ दिवसांचा तुरुंगवास. किंवा त्याहून जास्त, अंडरवर्ल्ड. सिनेमे आणि वेब सिरीज बघून डोंगरीबद्दल मत बनवणाऱ्या किती जणांच्या कपाटात एखादी डंगरी टांगलेली असेल, कोण जाणे.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची इंग्रजी नावं बदलायला मंजुरी दिली. त्या यादीत सँडहर्स्ट रोडचं नवं नाव आहे डोंगरी.