स्तनवर्धन : टेबलावर जाण्याआधी

सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट १९६२मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला बसवलं गेलं. रुग्ण टिमी जीन लिंडसे. ती खरं तर गेली होती गोंदण काढून घ्यायला!

प्रकार : कवच नेहमी सिलिकॉनचंच. आत जेल किंवा सलाईन. सलाईनचं इम्प्लांट फुटलं, तर स्तन बसतो आणि ते लगेच कळतं. पाणी शरीरात शोषलं जातं. जेलचं फुटणं मात्र वर्षानुवर्षं लपून राहू शकतं. म्हणून अमेरिकेची औषध-नियामक संस्था एफडीए सुचवते : पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी ५-६ वर्षांनी, नंतर दर २-३ वर्षांनी.

वय : केवळ सौंदर्यासाठी असेल, तर एफडीएची मान्यता सलाईनला १८ वर्षांपासून, जेलला २२पासून.

मुदत : इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं. काढण्याचा किंवा बदलण्याचा खर्च आधीच धरावा.

आवळणं : शरीर इम्प्लांटभोवती व्रणाचं आवरण तयार करतं. ते आकसलं, की स्तन कडक होतो, दुखतो. पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते.

दुर्मीळ कर्करोग : बीआयए-एएलसीएल. हा स्तनाच्या ऊतींचा नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा. संबंध मुख्यतः खरबरीत कवचाशी. म्हणूनच २०१९मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली अशा कवचाची ‘बायोसेल’ इम्प्लांट जगभरातून मागे घेतली.

फसवणूक : फ्रान्सच्या ‘पीआयपी’ कंपनीने औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचं २०१०मध्ये उघड झालं. म्हणून इम्प्लांटची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक असलेलं कार्ड मागून जपून ठेवावं.

स्तनपान, मॅमोग्राफी : दूध कमी येऊ शकतं. मॅमोग्राफीच्या तंत्रज्ञाला इम्प्लांटची कल्पना आधीच द्यावी. जादा चित्रं घ्यावी लागतात.