गेमिंगसाठी माऊस घ्यायचाय? वायरवाला की वायरलेस, पैसे देण्याआधी हे वाचा

ईद झाली की आमच्या घरात एक ठरलेला कार्यक्रम असतो. मुलं ईदीचे पैसे मोजतात आणि मोठ्यांचा सल्ला विचारायला येतात. खरं तर सल्ला नको असतो, परवानगी हवी असते. यंदा अकरावीतला भाचा आला. "मामू, वायरलेस माऊस घ्यायचाय. सहा हजारांचा आहे. साडेतीन जमलेत, बाकीचे अम्मी देणार आहे." मी बहिणीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. ती घरी शिवणकाम करते. अडीच हजार म्हणजे तिच्या मशीनवरचे किती दिवस, याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावरच दिसत होता.

भाच्याची तक्रार अशी की व्हॅलोरंट खेळताना समोरचा त्याला नेहमी आधी मारतो, कारण त्याचा माऊस 'लॅग' मारतो. त्याच्याकडे होता तोही वायरलेसच, पण ऑफिसात वापरतात तसला सात-आठशे रुपयांचा. मित्रांपैकी एक म्हणाला वायरवाला घे, वायरला तोड नाही. दुसरा म्हणाला आता सगळे मोठे खेळाडू वायरलेस वापरतात. गंमत अशी की दोघांचंही खरं होतं. म्हणून हा विषय नीट मांडावासा वाटला, कारण हा प्रश्न एका घरातला नाही.

आधी 'लॅग' म्हणजे काय ते बघू. माऊस कॉम्प्युटरला सतत सांगत असतो की मी इथं आहे, आता इथं सरकलो, आता बटण दाबलं. हे सांगणं सेकंदाला किती वेळा होतं, त्याला पोलिंग रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. साधा ऑफिसचा माऊस बहुतेक वेळा सेकंदाला १२५ वेळा खबर देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंगचा माऊस १००० वेळा देतो, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला. हल्ली ८००० हर्ट्झवाले माऊसही आलेत, पण त्याचा फायदा घ्यायला कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही तगडे लागतात. घरच्या सेटवर तो खर्च वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हे आकडे बाकीच्या गोष्टींच्या शेजारी ठेवा. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६-१७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो. १४४ हर्ट्झचा असेल तर साधारण ७ मिलिसेकंदांनी. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत असला तरी घरच्या इंटरनेटवरून तिथं जाऊन परत यायला २०-३० मिलिसेकंद सहज लागतात, वायफाय कमजोर असेल तर कितीतरी जास्त. आणि डोळ्यांना शत्रू दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. या सगळ्यात चांगला वायरवाला आणि चांगला वायरलेस यांच्यातला फरक एखाद्या मिलिसेकंदाच्या आसपास असतो. तो हाताला जाणवत नाही. त्यामुळे भाचा हरतो याचं कारण वायर असणं किंवा नसणं, हे मला पटेना.

पण 'चांगला वायरलेस' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण बिनवायरचे सगळे माऊस एका जातीचे नसतात. एक असतो ब्लूटूथवाला. तो लॅपटॉपला थेट जोडता येतो, वेगळा तुकडा लागत नाही. पण ब्लूटूथच्या नियमांतच दोन खबरींमधलं अंतर साडेसात मिलिसेकंदांच्या खाली सहसा जात नाही. अभ्यासाला, नेट बघायला उत्तम. गोळ्या झाडायच्या गेमला नको. दुसरा असतो छोट्या यूएसबी डोंगलवाला, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा. यातही दोन भाग. स्वस्तातले ऑफिसवाले बॅटरी वाचवण्यासाठी सारखे झोपी जातात आणि हलवले की जागे होतात. नेमक्या त्या क्षणी समोरचा गोळी मारून गेलेला असतो. आणि खास गेमिंगसाठी बनवलेले, जे १ मिलिसेकंदाला खबर देतात. लॉजिटेकचा लाइटस्पीड, रेझरचा हायपरस्पीड ही अशाच डोंगल-तंत्रांची नावं. आज व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकच्या मोठ्या स्पर्धांत बहुतेक खेळाडूंच्या हातात हेच दिसतात. दहा-बारा वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा वायरलेस म्हटलं की गेमर नाक मुरडायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. मित्रांपैकी पहिल्याच्या डोक्यात तो जुना काळ अजून बसलाय, इतकंच.

मी भाच्याच्या घरी जाऊन त्याचा सेट पाहिला. कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला टेकून. डोंगल मागच्या बाजूला, निळ्या यूएसबी पोर्टमध्ये. शेजारच्याच पोर्टात बाहेरची हार्डडिस्क. वर टेबलावर वायफायचा राउटर. डोंगल आणि माऊसच्या मध्ये अख्खी लोखंडी पेटी!

इथं एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. निळे पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०. त्यातून डेटा वेगात जात असताना जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, जिथं वायरलेस माऊस बोलतो. हे इंटेल कंपनीनं स्वतः २०१२ साली कागदावर मांडलंय. शिवाय आपल्या इमारतींत भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे चार-पाच राउटर त्याच पट्ट्यात ओरडत असतात. माऊस मग अडखळतो, उडी मारतो. मुलगा म्हणतो माऊस खराब आहे.

उपाय सोपा आहे. शंभर-दीडशे रुपयांची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्यायची, ती काळ्या म्हणजे यूएसबी २.० पोर्टात लावायची आणि डोंगल टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवायचं. महागड्या वायरलेस माऊसच्या खोक्यात अशी केबल आधीच असते. लोक ती उघडतही नाहीत. राउटर टेबलावरून उचलून दूर ठेवायचा, आणि कॉम्प्युटर वायफायवर असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडायचा. आम्ही एवढं केलं आणि भाच्याचा जुना माऊस उड्या मारायचा थांबला. झोपी जायची खोड मात्र गेली नाही, ती जाणारही नव्हती. म्हणजे नवा माऊस हवा ही मागणी खोटी नव्हती. सहा हजारांचा हवा का, एवढाच प्रश्न उरला.

वायरवाल्याच्या बाजूनं बोलायचं तर पहिली गोष्ट पैशांची. दीड हजाराच्या आसपास लॉजिटेकच्या जी १०२ सारखा १००० हर्ट्झचा, दमदार वायरवाला माऊस मिळतो. तेवढ्याच ताकदीचा वायरलेस, उदाहरणार्थ जी ३०४, घ्यायला जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागतात. वायरमध्ये बॅटरीची कटकट नाही, डोंगल हरवायची भीती नाही, वजनही कमी. जी १०२ साधारण ८५ ग्रॅम, तर जी ३०४ सेलसकट ९९. सायबर कॅफेवाले वायरच का ठेवतात, ते त्यांना विचारून बघा; डोंगल खिशात घालून न्यायला किती वेळ लागतो?

तोटा एकच, पण खरा. वायर ओढते. हात झपकन डावीकडे न्यावा आणि वायर टेबलाच्या कडेला अडकावी, की नेम चुकला. यासाठी बाजारात 'बंजी' नावाचा छोटा स्टँड मिळतो, जो वायर वर उचलून धरतो. नाही घेतला तरी चालतं. मॉनिटरच्या पायाला चिकटपट्टीनं वायर डकवा आणि तिथून माऊसपर्यंत थोडी सैल ठेवा. काम होतं. आणखी एक, वायर नेहमी माऊसच्या तोंडाशी तुटते, जिथं ती सारखी वाकते. आत चारच तारा असतात. ओळखीचा रिपेअरवाला थोड्या पैशांत जोडून देतो, लगेच नवा आणायला धावू नका.

वायरलेसवाल्यांनी बॅटरीचा विचार आधी करावा. जी ३०४ मध्ये एक डबल ए सेल लागतो आणि कंपनी २५० तास चालतो म्हणते. रोज दोन तास खेळलं तरी चार महिने. पण तो मध्येच संपला तर माऊसला केबल लावून खेळता येत नाही, चार्जिंगची सोयच नाही त्यात. दोन रिचार्जेबल सेल आणि चार्जर घेऊन ठेवले की प्रश्न मिटतो. आत बॅटरी असलेले महाग माऊस केबल लावून खेळता येतात, तेव्हा ते वायरवालेच होतात. पण मोबाइलसारखीच त्यांची बॅटरीही काही वर्षांनी थकते आणि ती बदलणं सेल बदलण्याइतकं सोपं नसतं.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना मात्र भुलू नका. २६,००० डीपीआय वगैरे. डीपीआय म्हणजे माऊस इंचभर सरकवला तर बाण पडद्यावर किती धावेल. मुरलेले खेळाडू बहुतेक ४०० ते १६०० मध्येच खेळतात. त्यापेक्षा माऊस हातात धरून बघा, तळव्यात बसतो का. लहान हातांच्या मुलाला मोठा माऊस दिला तर मनगट दुखतं, आणि मग आई म्हणते कॉम्प्युटरच वाईट. डावखुऱ्या मुलांसाठी दोन्ही बाजूंनी सारखा आकार असलेला बघावा. बाजूची बटणं बहुतेक वेळा डावीकडेच असतात, ते सांगून ठेवतो.

आखातात कुणी असेल तर "येताना माऊस आण" हा निरोप ठरलेला. आणायला हरकत नाही, पण तिथलं बिल जपून ठेवा आणि हमी इथं चालेल का ते घेण्याआधीच विचारा. आणि नावात गोंधळ होऊ देऊ नका, आपल्याकडे जी ३०४ म्हणून विकला जातो तोच तिकडे जी ३०५ म्हणून मिळतो. जुना माऊस ऑनलाइन कुणाकडून घेत असाल तर डोंगल सोबत आहे का, हे पहिलं विचारा. डोंगल त्या माऊसशी जोडलेलं असतं. ते नसेल तर हातात येतो तो प्लास्टिकचा खडा. शिवाय डावं बटण सावकाश पन्नास वेळा दाबून बघा. एका दाबाला दोन क्लिक होत असतील तर आतला स्विच झिजलाय. नकली मालही भरपूर आहे. मीच एकदा एका दुकानातून 'ओरिजिनल' म्हणून घेतलेल्या माऊसला कंपनीच्या सॉफ्टवेअरनं ओळखच दाखवली नव्हती. तेव्हापासून बिल आणि सीरियल नंबर बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

भाच्यापुढे मी दोन वाटा ठेवल्या. टेबल एकाच जागी आहे, कॉम्प्युटर हलत नाही, तर वायरवाला घे आणि उरलेल्या दोन हजारांत इंटरनेटची लॅनची तार राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत ओढून घे, पिंगला त्याचा जास्त फायदा. नाहीतर जी ३०४ घे, पैसे तुझेच, पण अम्मीकडे मागायचं नाही. पुण्यात हॉस्टेलला राहणाऱ्या त्याच्या चुलतभावाला मी वायरलेसच सुचवला होता, कारण त्याचा लॅपटॉप कधी पलंगावर, कधी लायब्ररीत. तिथं वायर म्हणजे वैताग.

त्यानं दोन दिवस घेतले. मग वायरवाला आणला, लॅनची तार मी आणि त्यानं मिळून दाराच्या चौकटीवरून खिळ्यांनी ठोकली. साडेतीनपैकी बाराशे उरले. ते त्यानं बहिणीच्या शिलाई मशीनच्या डब्यात ठेवले आणि मला सांगू नको म्हणाला. रात्री अकरानंतर क्लिकचा आवाज येतो, ही तिची तक्रार मात्र अजून चालूच आहे.