पोलादी गिटारचा कित्ता

पाटीवर अक्षर गिरवल्याशिवाय कोणाचेंहि हस्ताक्षर वळणदार होत नाहीं, हें सर्वांस मान्य आहे. परंतु संगीतांत कोणी एखाद्या थोर वादकाचा कित्ता गिरवूं लागला, कीं लगेच ‘ही नुसती नक्कल’ असा शेरा मारला जातो. हा शेरा कितपत न्याय्य आहे, हें पाहावयाचें असेल तर पोलादी गिटारचें उदाहरण मोठें बोलकें आहे. आज घरोघर ध्वनिमुद्रणाचीं साधनें झालीं आहेत. आवडत्या वादकाची गत ऐकावी, ती आपल्या खोलींत वाजवून मुद्रित करावी आणि दोहोंची तुलना करावी, ही सोय पूर्वींच्या विद्यार्थ्यांस नव्हती. मात्र त्या सोयीचा उपयोग कसा करावा, याचा विचार क्वचितच केला जातो.

प्रथम वाद्याची ओळख करून घेणें इष्ट होईल. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हाताचीं बोटें तारा पडद्यांवर दाबीत नाहींत. त्याऐवजीं एक गुळगुळीत पोलादी दांडी तारांवर टेकवून सरकवितात, आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतात. या रीतीचे जनक म्हणून हवाई बेटांतील जोसेफ केकूकू (१८७४–१९३२) यांचें नांव घेतलें जातें. विद्यार्थिदशेंत असतांना, १८८९ च्या सुमारास, त्यांनीं ती सिद्ध केली असें मानतात. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाई संगीताची लाट अमेरिकेंत सर्वत्र पसरली. ती भारतासहि येऊन पोंचली. पुढें ब्रिजभूषण काबरा यांनीं याच वाद्यावर रागसंगीत आणलें. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मा यांचें संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटतां जाणारी मींड हा ज्या संगीताचा प्राण, त्या संगीतास हें वाद्य परकें वाटलें नाहीं, यांत नवल तें काय?

ज्यांचा कित्ता अनेकांनीं गिरवला असे एक वादक म्हणजे जेरी बर्ड (१९२०–२००५). यांचा जन्म हवाई बेटांपासून फार दूर, ओहायो संस्थानांतील लायमा या गांवीं झाला. बालपणीं गांवांत आलेल्या एका तंबूंतील खेळांत त्यांनीं हवाई वादकांची गिटार ऐकली आणि त्या नादानें त्यांना वेड लावलें. पुढें ते नामांकित वादक झाले. हँक विल्यम्स या लोकप्रिय गायकाच्या ‘लव्हसिक ब्लूज’ या १९४८ सालीं मुद्रित झालेल्या गाण्यांत त्यांचीच गिटार आहे. नंतरच्या काळांत पायानें पट्ट्या दाबून तारांचा स्वर बदलणाऱ्या गिटारी प्रचारांत आल्या. पुष्कळ वादक तिकडे वळले. बर्ड मात्र हातांतील दांडीशींच एकनिष्ठ राहिले.

त्यांच्या शैलीचें पहिलें रहस्य तारा लावण्यांत आहे. त्यांच्या नांवाशीं निगडित असलेल्या जुळणींत बारीक तारेपासून जाड तारेपर्यंत ग, सा, ध, प, ग, सा असे स्वर येतात. म्हणजे भूप रागांतील रिषभ वगळून उरलेले चारहि स्वर. यांतील सा–ग–प एकत्र छेडले तर प्रसन्न स्वरसंघ मिळतो, आणि ध–सा–ग एकत्र छेडले तर तोच नाद उदास होतो. ज्यानें तारा निराळ्या लावल्या, त्याला चाल सांपडेल, परंतु चालीच्या सोबतीचे स्वर सांपडणार नाहींत.

दुसरें रहस्य दांडी तिरपी धरण्यांत आहे. दांडी सरळ ठेवली, तर पहिल्या दोन तारांतून सा–ग एवढ्याच अंतराची जोडी मिळते. परंतु रे–म ही जोडी हवी असेल, तर तें अंतर अर्ध्या स्वरानें कमी असतें. अशा वेळीं दुसऱ्या तारेवर दांडी ज्या पडद्यावर असेल, त्याच्या एक पडदा मागें ती पहिल्या तारेवर यावी लागते. हा तिरपेपणा केसभर चुकला तरी जोडी बेसूर होते. येथें पडदे हे केवळ खुणा आहेत. बोट पडद्यामागें दाबलें कीं स्वर आपोआप बरोबर, असा आधार या वाद्यांत नाहीं. म्हणून दांडी खुणेच्या मागें किंवा पुढें नव्हे, तर बरोबर खुणेवरच यावी लागते. कंपाचेंहि तसेंच. दांडीची हालचाल खुणेच्या दोन्ही बाजूंस सारखी व्हावी; ती एकाच बाजूस झाली तर स्वर चढा किंवा उतरा वाटूं लागतो.

तिसरें रहस्य नाद थांबविण्यांत आहे. डाव्या हाताचीं मोकळीं बोटें दांडीच्या मागें तारांवर हलकेंच टेकलेलीं असावीं, म्हणजे तेथील गुणगुण बंद होते. आणि उजव्या तळहातानें नको त्या तारा वेळीच मुक्या कराव्या. कोणता स्वर केव्हां संपला, यावरहि शैली अवलंबून असते.

आतां घरगुती मुद्रणाकडे वळूं. पहिलें मुद्रण ऐकतांच बहुतेकांचा हिरमोड होतो. वाजवितांना मनांतील स्वर कानाला फसवीत असतो; यंत्राला मन नसल्यानें तें फसत नाहीं. येथेंच बरेच जण नवी गिटार किंवा नवा ध्वनिवर्धक विकत घ्यावयास निघतात, आणि हीच मोठी चूक होय. दोष दांडीखालीं असतो, दुकानांत नव्हे.

यावर कांहीं साधे उपाय आहेत. पहिला, मूळ मुद्रिकेची गति तपासावी. जुन्या ध्वनिमुद्रिका प्रत्येक वेळीं नेमक्या ठरलेल्या गतीनेंच कोरल्या जात, असें नाहीं; आणि गतींत सुमारें ६ टक्के फरक पडला, कीं सारी पट्टी अर्ध्या स्वरानें सरकते. गति जुळविल्याशिवाय आपण बेसूर कीं मुद्रिका, हें कळणार नाहीं. दुसरा, ध्वनि घुमविणारी यांत्रिक सोय आरंभीं बंद ठेवावी. घुमारा श्रोत्यास गोड लागतो, परंतु शिकणाऱ्याचे दोष झांकतो. तिसरा, मोबाइलवर मुद्रण करावयाचें तर आवाज आपोआप समपातळीस आणणारी योजना शक्य असल्यास बंद करावी. नाहींतर आघात आणि विराम यांतील उठाव नाहींसा होतो. चौथा, एका वेळीं चारच मात्रा घ्याव्या, मुद्रण दुसऱ्या दिवशीं ऐकावें आणि स्वर, काळ व शेवट या तीन रकान्यांत चुका लिहून काढाव्या. अशा वहीचीं दहा पानें भरलीं, कीं कान जागा होतो.

तरीहि एक धोका उरतोच. गुरूच्या गायकीबरोबर त्याचा खोकलाहि उचलणारे शिष्य आपल्याकडे कांहीं थोडे नाहींत. यासाठीं चार मात्रा साधल्यावर त्याच रीतीनें एखादी अगदीं निराळी, आपल्या घरांतील चाल वाजवून मुद्रित करावी. तेथें ती रीति टिकली तर ती अंगीं मुरली. न टिकली तर केवळ पाठ झाली होती, असें समजावें.

आणि नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांस बर्ड यांच्याच चरित्रानें उत्तर दिलें आहे. १९७२ सालीं ते हवाई बेटांत कायमचे राहावयास गेले. ज्या बेटांनीं हें वाद्य जगास दिलें, तेथेंच तें शिकणारे तरुण तोंवर विरळ झाले होते. ओहायोंतील या परक्या माणसानें त्यांना शिकविण्यास आरंभ केला. त्यांच्या शिष्यांपैकीं ॲलन अकाका हे पुढें स्वतः नामवंत वादक व शिक्षक झाले. बालपणीं तंबूंत ऐकलेला नाद असा आपल्या मूळ घरीं परत पोंचला. प्रामाणिकपणें गिरवलेला कित्ता हें एक ऋण असतें. आणि तें फेडण्याची पात्रता गिरवतां गिरवतांच अंगीं येते.