ल्योंमध्ये दार ढकलून पाहावं

ल्योंच्या जुन्या भागात, रू सां-जाँ या गल्लीत ५४ क्रमांकाचं एक दार आहे. बाहेरून बघाल तर काही विशेष नाही. दार लोटून आत शिरलं की अंधारा बोळ, मग अंगण, पुन्हा बोळ, पुन्हा अंगण. आणि बाहेर पडतो ते थेट पलीकडच्या गल्लीत. अशा वाटेला इथे ‘त्राबूल’ म्हणतात. फुर्विएर टेकडी आणि सोन नदी यांच्या चिंचोळ्या पट्टीत गल्ल्या नदीला समांतर धावतात, आडवे रस्ते मोजकेच. मग लोकांनी घरांच्या पोटातूनच वाट काढली. काही त्राबूल आजही दिवसा खुल्या असतात, मात्र वर माणसं राहतात, तेव्हा आवाज खाली ठेवावा.

फुर्विएर ही प्रार्थनेची टेकडी आणि क्रुआ-रूस ही कष्टाची, असं ल्योंकर म्हणतात. फुर्विएरवर बॅसिलिका आहे, रोमन नाट्यगृह आहे, आणि वर न्यायला दोरावरची रेल्वे. तिचं लाडकं नावच ‘फिसेल’, म्हणजे दोरी. पण माझं मत विचाराल तर मुक्काम क्रुआ-रूसला. इथल्या जुन्या घरांची छतं चार-चार मीटर उंच, कारण घरात माग उभा करायचा होता. रेशीम विणणाऱ्या ‘कानू’ लोकांची ही वस्ती. मागाच्या खडखडाटाला त्यांनी नाव ठेवलं होतं ‘बिस्तांक्लाक’. दोनदा मोठ्यानं म्हणून पाहा, धोटा फिरल्यासारखं वाटतं. १८३१ मध्ये मजुरीच्या दरावरून हेच लोक रस्त्यावर उतरले. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उठवणारा जकार्डही याच शहरातला. त्याच्या नावाचं यंत्र आज येवल्यातल्या मागांवरही दिसतं.

दमल्यावर ‘बुशों’ गाठावं. बुशों म्हणजे ल्योंची घरगुती खाणावळ. मांसाहाराची रेलचेल असते, तेव्हा शाकाहाऱ्यांनी ‘सेर्व्हेल द कानू’ मागवावं. शब्दशः अर्थ विणकराचा मेंदू, पण घाबरू नका. चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात बारीक कांदा, हिरवी पात, तेल, व्हिनेगर. पावाबरोबर खायचं आणि दुपार तशीच जाऊ द्यायची.

संध्याकाळी मात्र मेट्रोनं मोंप्लेझिरला जावं. तिथल्या एका रस्त्याचं नावच ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याचं फाटक उघडलं, कामगार बाहेर पडले, एक कुत्राही धावला, आणि कॅमेऱ्यानं ते टिपलं. मिनिटभराचीसुद्धा गोष्ट नाही. ते फाटक ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात पडद्यावर उघडलं. तिकीट होतं एक रुपया.