रूप कोठीचं, राखण पिशवीची

लेखमाला : घर आणि चार पायांचे सोबती | भाग ७

कुत्र्याला काय आणि किती घालावं, हे मागच्या भागात पाहिलं. आता ते खाद्य घरात ठेवायचं कुठे आणि कसं, हा प्रश्न. बाजारात काचेच्या उंच बरण्या, लाकडी झाकणाचे डबे आणि त्यावर सुबक अक्षरांत कुत्र्याचं नाव, असं बरंच काही मिळतं. ओट्यावर ते शोभून दिसतं. पण त्यातलं बरंचसं खाद्याच्या मुळावर येतं. तेव्हा आधी खाद्य समजून घेऊ, मग भांडं निवडू.

गहू-ज्वारीचा दाणा आपल्या सालीत बंद असतो, म्हणून तो टिकतो. कुत्र्याच्या कोरड्या खाद्याची गोळी उष्णतेने आणि दाबाने शिजवून फुगवलेली असते. तिच्यात बारीक बारीक छिद्रं असतात आणि चवीसाठी वरून चरबी लावलेली असते. हवा, ऊब आणि उजेड लागला की ही चरबी खवट होते. गोळीत साधारण दहा टक्के ओलावा असतो. तो बारा टक्क्यांच्या वर चढू लागला की बुरशीचा धोका सुरू होतो. खाद्य सत्तावीस अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे. नगरचा एप्रिल-मे आठवा, म्हणजे हा सल्ला पाळणं किती अवघड आहे ते कळेल. पत्र्याच्या छपराखाली, गच्चीवरच्या खोलीत किंवा मोटारीच्या डिकीत ठेवलेली पिशवी उन्हाळ्यात फार दिवस चांगली राहत नाही.

त्यात आपला नगर (आता अहिल्यानगर) जिल्हाही एकसारखा नाही. पाथर्डी, जामखेड, कर्जत हा अवर्षणाचा भाग; तिथे वैरी उष्णता. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर-भंडारदऱ्याकडे पावसाळ्यात हवाच ओली असते. तिथे वैरी बुरशी. जामखेडला चालणारी व्यवस्था भंडारदऱ्याला चालेलच असं नाही.

बुरशीचं भय मी उगाच दाखवत नाही. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत पावसात भिजलेल्या मक्यावर बुरशी आली. तिने तयार केलेल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने शेकडो माणसं काविळीने आजारी पडली आणि शंभरावर दगावली. त्याच घरांतलं अन्न खाणारी कुत्रीही मेली. हे विष यकृतावर घाव घालतं आणि भाजलं-उकळलं तरी पुरतं जात नाही. कुत्र्यांच्या खाद्यात मका असतो, म्हणून हा धोका आजही आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत याच कारणाने अनेक कुत्री मेल्यावर एका कंपनीला बाजारातून खाद्य परत घ्यावं लागलं.

यातून एक नियम निघतो आणि बाकी सगळं त्याच्यामागून येतं. खाद्य कंपनीच्या पिशवीतच राहू द्या आणि ती पिशवी देखण्या भांड्यात ठेवा. पिशवीचे थर चरबी धरून ठेवतात आणि हवा-ओल अडवतात. शिवाय बॅच क्रमांक आणि मुदत तिच्यावर छापलेली असते. कुत्रं आजारी पडलं तर डॉक्टर तीच माहिती विचारतात. खाद्य प्लास्टिकच्या डब्यात ओतलं की डब्याच्या आतल्या बाजूला चरबीचा पातळ थर बसतो, तो खवटतो आणि पुढचा ताजा मालही नासवतो. सुटं खाद्य किलोवर घेऊ नये, तेही याच कारणांसाठी.

हा नियम पाळला की हौसेला मोकळं रान मिळतं, आणि आपल्या जुन्या घरांतल्या वस्तू कामाला येतात. माझी पहिली पसंती पत्र्याच्या कोठीला. घट्ट झाकण, उंदरा-घुशींना दात लावता येत नाही, आणि बाहेरून रंगवली की बैठकीतही शोभते. मात्र माप नीट घ्या. दहा किलो गव्हाला तेरा-चौदा लिटरचा डबा पुरतो. दहा किलो खाद्याला पंचवीस ते तीस लिटर जागा लागते, कारण गोळी हलकी आणि फुगीर असते. कोठी फरशीवर टेकवू नका. माळ्यावर पडलेली घडवंची उतरवून, घासूनपुसून घ्या आणि तिच्यावर कोठी ठेवा. खालून हवा खेळते, ओल चढत नाही, आणि जुन्या लाकडावर रंगीत पत्रा फार छान दिसतो.

पितळी पिंपाचा मोह अनेकांना होतो. पिशवी आत असेल तर खुशाल ठेवा. मोकळं खाद्य मात्र त्यात कधीच भरू नका. तांब्याच्या संपर्काने चरबी आणखी लवकर खवटते, आणि पितळेत तांबं असतंच. मातीच्या मडक्याचंही तसंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. त्यांनी गावरान बियाणं जपलं ते राख आणि कडुलिंबाचा पाला अशा घरगुती उपायांनी, मातीच्या भांड्यांत. बियाण्याला ते मानवतं. चरबी लावलेल्या गोळीला मानवत नाही, कारण मडकं तेल पितं आणि बाहेरची ओल आत घेतं. झिलईची चिनी मातीची मोठी बरणी चालेल, पण ती आठवड्याभराच्या खाद्यापुरतीच, आणि दर वेळी धुऊन, पूर्ण वाळवून.

जुना वाडा असेल तर भिंतीतलं बळद किंवा फडताळ पाहा. जाड भिंतीमुळे आतली जागा दुपारीही बरीच गार राहते. त्याला घट्ट बसणारं लाकडी दार लावून आत पिशवी उभी केली तर यापेक्षा देखणी सोय सापडायची नाही. फ्लॅटमध्ये हेच काम खण असलेला बाक करतो. दार उघडताच बाहेरून आलेला माणूस बसतो कुठे, तर कुत्र्याच्या शिध्यावर! झाकणाला कडी हवीच. लॅब्रेडोरसारखं खादाड कुत्रं सैल झाकण नाकाने उचलतं, आणि एकदम पोटभर कोरडं खाद्य गेलं तर पोट फुगून जिवावर बेतू शकतं. शनिशिंगणापुरात परंपरेने घरांना दारं नसतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण भटकी कुत्री आत येऊ नयेत म्हणून तिथेही काही जण रात्री चौकटीला फळी लावतात.

दोन गोष्टी अजिबात करू नका. धान्याला लावतो ती बोरिक पावडर, पाऱ्याच्या गोळ्या किंवा सेल्फॉससारखं कीटकनाशक या खाद्याजवळसुद्धा नेऊ नका. आपण डाळ-तांदूळ धुऊन घेतो, कुत्र्याची गोळी कुणी धूत नाही. आणि खाद्य पडवीत, अंगणात ठेवू नका. अकोले तालुक्याच्या परिसरात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. अंगणात सांडलेलं खाद्य भटक्या कुत्र्यांना ओढतं, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अकोले, संगमनेर, राहुरीच्या ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पिशवी केवढी घ्यायची हेही साठवणीतच येतं. वीस किलो वजनाचं कुत्रं दिवसाला अडीचशे-तीनशे ग्रॅम खातं, म्हणजे दहा किलोची पिशवी पाच-सहा आठवड्यांत संपते. उघडलेली पिशवी तेवढ्यातच संपवावी. लहान कुत्र्यासाठी स्वस्त पडते म्हणून मोठी पिशवी आणणं महागात जातं.

आज घरची पिशवी उघडा, एक गोळी बोटांत चुरडा आणि वास घ्या. जुन्या तेलाचा किंवा कुबट वास आला, गोळ्या एकमेकींना चिकटल्या असतील, कुठे हिरवट-पांढरं दिसलं, तर ते खाद्य फेकून द्या. कोंबड्यांना किंवा शेजारच्या भटक्या कुत्र्यालाही घालू नका. विष त्यांनाही बाधतं. पुढच्या भागात पाण्याच्या भांड्याविषयी.