जिल्हा, तहसील आणि सडक अर्जुनी

परगावचा मनुष्य सडक अर्जुनीस यावयास निघाला, तर त्याने आगगाडीतून सौंदड स्थानकावर उतरावे. येथे फिर्याद द्यावयाची झाल्यास ठाणे डुग्गीपारचे. विधानसभेत आमचा प्रतिनिधी जातो तो अर्जुनी-मोरगाव मतदारसंघातून. सातबाऱ्याचा तंटा उद्भवला तर मात्र तहसील कचेरी गावातच आहे. एकाच भूमीवर ओढलेल्या ह्या निरनिराळ्या रेषा कशा उत्पन्न झाल्या, त्याचा वृत्तांत आज सांगावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘तहसील’ म्हणजे वसुली. अरबीत ‘जिल्हा’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ बरगडी, बाजू असा आहे, आणि ‘तालुका’ म्हणजे संबंध असलेला, जोडलेला भाग. ह्यावरून एवढे ध्यानात यावे की, राज्यकर्त्यांनी मुलुखाची वाटणी केली ती बहुधा सारा गोळा करण्याच्या सोयीने. रयतेची सोय हा विचार फार मागाहून आला. इंग्लंडातही प्रकार निराळा नाही. यॉर्कशायर परगण्याचे तीन भाग होते आणि प्रत्येकास ‘रायडिंग’ म्हणत. त्याचा घोड्यावर बसण्याशी काही संबंध नाही. तो जुन्या नॉर्स भाषेतील ‘तिसरा हिस्सा’ ह्या शब्दाचा अपभ्रंश होय. ते तीन रायडिंग कारभारातून १९७४ साली गेले, परंतु लोकांच्या तोंडून गेले नाहीत.

आपल्याकडेही तीनच हिस्से होते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा प्रदेश वैनगंगेच्या मुलुखात मोडे. १८१८ नंतर काही वर्षे इंग्रज रेसिडेंटाच्या देखरेखीखाली कारभार चालला, तेव्हा मुख्य ठाणे लांजीस होते. १८२०च्या सुमारास ते भंडाऱ्यास आले. १८५४ साली राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. १८६७ साली बालाघाट जिल्हा नव्याने करण्यात आला, त्यात लांजीकडील भाग गेला. ज्या गावाहून एकदा भंडाऱ्याचा कारभार चालला, ते आज मध्यप्रदेशात आहे! उरलेल्या भंडारा जिल्ह्याच्या तहसिली तीन : भंडारा, तिरोडा आणि साकोली. तिरोड्याचे मुख्य ठाणे पुढे रेल्वेमुळे वाढलेल्या गोंदियास गेले. आमची अर्जुनी साकोलीत होती. अर्जुनी नावाची गावे एकाहून अधिक. तेव्हा नागपूर-रायपूर हमरस्त्यालगतची ती सडक अर्जुनी, आणि शेजारच्या मोरगावासह ओळखली जाणारी ती अर्जुनी-मोरगाव.

परंतु नकाशावरील तहसील ही वरवरची गोष्ट. खरी सत्ता तिच्या आत होती. पूर्वेच्या रानाळ भागात कामठा, आमगाव, चिचगड, प्रतापगड इत्यादी जमीनदाऱ्या होत्या. इतरत्र प्रत्येक मौजाचा मालगुजार असे. तो सारा सरकारास भरी आणि गावाची जमीन, झाडे व तलाव ह्यांवर मालकी सांगे. १९५०च्या कायद्याने हे मालकी हक्क रद्द होऊन ३१ मार्च १९५१ रोजी सर्व काही सरकारकडे आले. आमच्या धानाच्या प्रदेशात ह्याचा सर्वांत मोठा परिणाम तलावांवर झाला. मालगुजार गेल्यावर पाळ फुटली तर ती कोणी बांधावयाची, हा प्रश्न कागदावर सुटला, प्रत्यक्षात रेंगाळला. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे लांबलचक नाव त्याचीच खूण आहे. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे व त्याहून मोठे राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे, अशी आता वाटणी आहे. मासा आणि पाणी मात्र ही वाटणी जाणत नाहीत.

स्थानिक स्वराज्याचा एक प्रयोग विशेष स्मरणीय आहे. १९४८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात जिल्हा कौन्सिले मोडून तहसिलीगणिक ‘जनपद सभा’ स्थापन झाल्या. जिल्हा हा कारभाराचा घटक फार मोठा, खेडुताला तहसीलच आपली वाटते, ही त्यामागील कल्पना मला आजही योग्य वाटते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. जनपद सभा इतिहासजमा झाल्या.

पुढे मोठ्या तहसिलींचे तुकडे झाले आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. त्यात आठ तालुके असून सडक अर्जुनी हा त्यांपैकी एक. पूर्वी जिल्ह्याच्या कामास सडकेने पश्चिमेकडे जावे लागे. आता कोहमाऱ्यावरून उत्तरेकडे वळावे लागते.

ही केवळ पुराणातील वांगी नव्हेत. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘जिल्हा भंडारा, तहसील साकोली’ पाहून पुष्कळ तरुण हे कागद आपले नव्हेत असे समजून परत ठेवतात. तसे करू नये. त्या काळी हे गाव तेथेच होते. अर्जासोबत मूळ कागदाची प्रमाणित प्रत जोडावी, आणि जुने अभिलेख गोंदियास न सापडल्यास भंडाऱ्याच्या अभिलेखागारात गावाच्या नावाबरोबर साकोली तहसिलीचे नाव सांगून चौकशी करावी.