जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार

जालना शहर पोलादासाठी प्रसिद्ध आहे. येथील औद्योगिक वसाहतीत दूरदूरच्या गावांहून मालमोटारी भरभरून भंगार येत असते. मोडकी यंत्रे, गंजलेले पत्रे, वाकलेल्या तुळया असे नाना आकारांचे लोखंड विजेच्या भट्टीत पडते. दीड हजार अंशांहून अधिक उष्णतेत त्याचा रस होतो. त्या रसाच्या लांब चौकोनी लगडी ओततात आणि त्या लालभडक असतानाच फिरत्या रुळांमधून काढल्या की घरबांधणीच्या सळया तयार होतात. जमिनीतून नवे खनिज न काढता जुन्याच लोखंडाचा असा पुन्हा उपयोग होतो, ही मोठीच सोय आहे. मात्र भट्टीत गेलेल्या वस्तूचे लोखंड तेवढे उरते. ती वस्तू काय होती आणि ती कोणी कशी घडविली होती, याची खूण राहत नाही.

बहुतेक भंगाराच्या बाबतीत याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. फुटक्या बादलीचा इतिहास कोणी कशाला जपावा? परंतु काही वस्तू अशा असतात की, त्या वितळल्यावर पुन्हा मिळत नाहीत. जुन्या मोटारी त्यांपैकी होत. २०२१ साली आपल्या देशात या संबंधात दोन निर्णय एकापाठोपाठ झाले. जुलै महिन्यात केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राहिलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ असा वेगळा दर्जा दिला, आणि ऑगस्ट महिन्यात निकामी झालेली जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण सुरू झाले. एका निर्णयाने वाहने भट्टीकडे जाण्याची वाट सोपी झाली, तर दुसऱ्याने थोड्या निवडक वाहनांना त्या वाटेवरून बाजूला काढले.

अशी बाजूला काढलेली गाडी पुन्हा चालती करणे, हा जगभर अनेकांचा छंद आहे. या छंदिष्टांचे प्रेम विशेषतः जुन्या स्पोर्ट्‌स कारवर असते. स्पोर्ट्‌स कार म्हणजे ओझी वाहण्यासाठी किंवा मोठ्या कुटुंबासाठी नव्हे, तर वेगाने व चपळपणे हाकण्याच्या आनंदासाठी केलेली मोटार. पूर्वी ती संस्थानिकांच्या पदरी असे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एक गाडी घेतली. तिच्या इंजिनाची शक्ती ३२० अश्वशक्ती असल्याचे कंपनी सांगत असे. तिचा वरचा सांगाडा मात्र लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी बांधला आणि तिला भगवा व काळा रंग दिला. ही देखणी गाडी आज भारतात नाही.

प्रत्येक स्पोर्ट्‌स कार अशी राजेशाही नसते. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९४५ ते १९४९ या काळात एम. जी. कंपनीची ‘टी. सी.’ नावाची दोन माणसांची गाडी तयार होई. अशा सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या व त्यांपैकी काही भारतातही आल्या. तिचे इंजिन १,२५० घन सेंटिमीटरांचे, शक्ती अवघी ५४ अश्वशक्ती. आजच्या साध्या मोटारीतही याहून अधिक बळ असते. परंतु गाडीचे वजन आठशे किलोच्या आसपास असल्यामुळे तेवढ्या बळावर ती ताशी सव्वाशे किलोमीटरांच्या जवळ जाई. तारांच्या आऱ्यांची उंच चाके, कापडी छत, आडवी पाडता येणारी पुढची काच असे तिचे रूप आहे. जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यास ही लहानशी गाडीच अधिक उपयोगी आहे.

समजा, अशी गाडी तीस वर्षे एखाद्या गोठ्यात पडून आहे. नवशिक्या माणसाला वाटते की, पेट्रोल भरावे आणि इंजिन सुरू करून पाहावे. यासारखी घातक चूक दुसरी नाही. टाकीतले जुने पेट्रोल आटून त्याचा डिंकासारखा चिकटा झालेला असतो. इंजिनातील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, गंजाने सिलिंडरला धरून बसलेला असतो. जोर केला की तो किंवा त्याची कडी मोडते. म्हणून जाणता कारागीर प्रथम ठिणगीचे प्लग काढून त्या छिद्रांतून तेल सोडतो, कित्येक दिवस वाट पाहतो आणि मग हाताने, अगदी हळूहळू, इंजिन फिरते का ते पाहतो.

गाडी उकलण्यापूर्वी तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात. निघालेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून वेगळ्या पिशवीत ठेवतात, कारण उकललेली गाडी पुन्हा जुळविण्यास वर्ष लागते, कधी चार वर्षेही लागतात, आणि तोपर्यंत कोणता खिळा कोठला हे कोणाच्या ध्यानात राहणार? सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक टिपून घेतात. ही गाडी कोणत्या साली निघाली व तिचे इंजिन मूळचेच आहे की नंतर बदलले, याचा तो पुरावा असतो. रंगाचे थरही बोलके असतात. पत्र्याचा एखादा कोपरा बारीक पॉलिश कागदाने हलके हलके घासला की वरचा काळा, त्याखालचा निळा आणि तळाचा हिरवा असे थर एकेक करून दिसू लागतात आणि कारखान्यातून ती गाडी कोणत्या रंगात बाहेर पडली, ते कळते.

मग गंजाशी गाठ पडते. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. तांब्यावरचा काळसर थर आतील तांब्याला चिकटून राहतो. गंजाचे तसे नाही. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, खालचे नवे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजू लागते. खाऱ्या हवेत हे काम फार झपाट्याने चालते. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर राहिलेली गाडी खालून चाळणी झालेली आढळते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा अधिक टिकतो. पण येथील उन्हाळा रबराला भेगा पाडतो, कातडे कडक करतो आणि लाकडाचे सांधे उकलतो.

मोटारीत लाकूड कोठून आले, असे कोणी विचारील. एम. जी. टी. सी.चा खालचा सांगाडा पोलादी आहे. परंतु त्यावरच्या पेटीच्या आत ‘ॲश’ नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाची चौकट असून पत्रा त्या चौकटीवर ठोकलेला आहे. त्या लाकडाला कीड लागली की दारे लोंबू लागतात. अशा वेळी मोटारीच्या कामाला सुतार बोलवावा लागतो. तो कुजलेला भाग नमुन्यासाठी जपून काढतो व त्याच मापाचा, त्याच वळणाचा नवा भाग घडवितो. या गाडीच्या इंजिनात आणखी एक गंमत आहे. ज्या कारखान्यात ते तयार होई, तो मॉरिस कंपनीने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून घेतलेला होता. तेथील यंत्रे फ्रेंच मापाची. म्हणून या इंग्रजी इंजिनाच्या बोल्टांचे आटे मिलिमीटरांचे आणि डोकी मात्र इंग्रजी पान्यांना बसणारी आहेत. ज्याला हे ठाऊक नाही, तो दुकानातून आणलेला इंग्रजी आट्यांचा बोल्ट जोराने पिळतो आणि इंजिनाचे मूळ आटे खाऊन टाकतो.

स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके परदेशी मोटारी व त्यांचे भाग आणण्यावर आपल्याकडे कडक निर्बंध होते. दुकानात भाग मिळत नसे, तेव्हा तो घडवावा लागे. लेथवर काम करणारे, ओतकाम करणारे, ठोकून पत्र्याला गोलाई आणणारे अनेक कारागीर या गरजेतून तयार झाले. जुन्या पुष्कळ इंजिनांत फिरत्या दांड्याखाली कथलाच्या मिश्रधातूचे मऊ अस्तर असते. ते झिजले की कारागीर जुने अस्तर वितळवून काढतो, नवा रस ओततो व लेथवर माप आणतो. त्यानंतर दांड्याला पातळ निळा रंग लावून तो अस्तरावर फिरवितो. जेथे रंग उमटतो, तेथे उंचवटा आहे असे समजून तेवढाच भाग धारदार पात्याने खरवडतो. सर्वत्र सारखा रंग उमटेपर्यंत हे चालते. हे कौशल्य पुस्तकात वाचून येत नाही. उस्तादाच्या हाताखाली बसूनच ते शिकावे लागते, आणि असे उस्ताद आता थोडे उरले आहेत.

गाडीचे किती नवे करावे, याविषयी या छंदातील माणसांत मोठा वाद आहे. काहींना ती कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती, त्याहूनही चकचकीत हवी असते. आपल्याकडे जुन्या मंदिरांचा जीर्णोद्धार करताना कोरीव दगडांवर तैलरंग फासतात, त्यातलाच हा प्रकार म्हणावा लागेल. जुन्या वाहनांच्या संघटनांचा ‘फिवा’ हा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६६ साली स्थापन झाला. त्याने २०१२ साली ट्यूरिन सनद मान्य केली. जे मूळचे शाबूत आहे त्याला शक्यतो हात लावू नये आणि जो भाग बदलला त्याची नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे. म्हणजे बैठकीचे जुने कातडे थोडे फाटलेले असले, तरी ते मूळचे असेल तर नव्या कातड्यापेक्षा त्याचे मोल जास्त. हा विचार योग्यच आहे. परंतु ब्रेकच्या बाबतीत असा हट्ट चालत नाही. झिजलेला ब्रेक कितीही अस्सल असला तरी तो बदललाच पाहिजे.

हा छंद खर्चाचा आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. पुष्कळ वेळा गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त होतो, आणि त्या गाडीचा रोजच्या कामाला उपयोगही करता येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात व नोंदणी दहा वर्षे टिकते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठरविले आहे. अशी गाडी प्रदर्शन, अभ्यास किंवा मेळाव्यासाठी तसेच दुरुस्ती व इंधनासाठी रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापरास किंवा व्यापारास ती चालत नाही. दिल्लीत १९६४ पासून स्टेट्समन वृत्तपत्राने सुरू केलेला जुन्या मोटारींचा मेळावा सर्वांत जुन्या मेळाव्यांपैकी एक आहे. तेथे नुसती सजविलेली गाडी आणून भागत नाही, ती स्वतःच्या चाकांवर चालवून दाखवावी लागते.

चालविण्यामागे केवळ हौस नाही. उभ्या गाडीचे टायर एकाच जागी चपटे होतात, तेल खाली उतरून धातू कोरडा पडतो आणि पुन्हा गंज सुरू होतो. म्हणून मालक आपली गाडी अधूनमधून थोडी तरी फिरवून आणतात. कोल्हापुरात छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक मोटार अशीच जपलेली आहे. विमानांची व मोटारींची इंजिने बनविणाऱ्या जर्मन कंपनीची ती गाडी आहे. दरवर्षी शाही दसऱ्याच्या संध्याकाळी ती बाहेर पडते आणि दुतर्फा उभ्या असलेल्या गर्दीतून, माणसाच्या चालीने, दसरा चौकात येते.